इथलं इथेच

तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पन्नीचं रबर सोडवत सोडवत माणूस व्यसनमुक्तीवर बोलायला लागला, की मला अजूनही मळमळतं. नागपूरजवळच्या वाडीतल्या व्यसनमुक्ती केंद्राचे संचालक असेच बोलायचे. एक चिमूट गालात, मग एक वाक्य, मग खिडकीतून खाली पिचकारी. खाली ट्रान्सपोर्टचं गोदाम होतं. तिथले हमाल वर बघून शिव्या द्यायचे आणि हे इकडे मला सांगायचे, "ऐसा है ताई, माणसाचं मन साफ करणं, हेच आपलं काम."

मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. नवरा नोकरीत, मुलगा अकरावीत. घरातल्या आणि शेजारच्या जवळजवळ प्रत्येकीने मला कधी ना कधी सांगितलेलं, की तुझ्याशी बोललं की बरं वाटतं. असं दहा जणींनी म्हटलं की डोक्यात हवा जाते, माझ्याही गेली. समुपदेशनाचा एक वर्षाचा डिप्लोमा धरला. शनिवार-रविवार वर्ग आणि आठवड्यातले दोन दिवस प्रत्यक्ष काम. त्या प्रत्यक्ष कामासाठी माझ्या वाट्याला अमरावती रोडवरचं हे केंद्र आलं.

पहिल्या पेपरचं नाव होतं 'समुपदेशनाचे मूलभूत सिद्धांत आणि दृष्टिकोन'. मनोविश्लेषणवाले सगळं लहानपणात शोधतात. वर्तनवादी म्हणतात, बक्षीस दिलं की वागणूक टिकते, नाही दिलं की विझते. बोधात्मक पद्धतीत माणसाचा विचार तपासायचा, कारण माणसाला घटना दुखवत नाही, त्या घटनेबद्दलचा त्याचा विचार दुखवतो. आणि व्यक्तिकेंद्रित पद्धत म्हणजे बिनशर्त स्वीकार, समानुभूती आणि समुपदेशकाचा खरेपणा. ही माझी लाडकी. गटोपचाराचं प्रकरण निराळं: आपण एकटेच असे नाही हे कळणं, एकमेकांवर भरवसा, गोपनीयता. मॅडम फळ्यावर लिहायच्या, आम्ही उतरवून घ्यायचो आणि परीक्षेत ओकायचो. ओकायचो हाच शब्द बरोबर आहे, कारण नंतर पोटात काही उरायचं नाही.

केंद्र म्हणजे एक लांबट हॉल. भिंतीला लागून चौदा गाद्या, उशांना तेलाचे काळे डाग, कोपऱ्यात कूलर. एप्रिल लागला होता. कूलरच्या टाकीतलं पाणी कोणी बदलत नसे, त्यामुळे वारा यायचा तो कुजक्या वाळ्याचा वास घेऊन यायचा. त्यात फिनाईल, घाम आणि जे माणूस दारू सुटताना पहिल्या चार दिवसांत अंगातून बाहेर टाकतो ते सगळं. घरी गेल्यावर मी साडी बाहेरच्या बादलीत टाकायची आणि मगच आत शिरायची. नवरा म्हणायचा, काहून जातेस वं तिथं? मी म्हणायची, लोकांना गरज आहे.

संचालकांची गटोपचाराची एक पद्धत होती. मधोमध एक प्लास्टिकची खुर्ची ठेवायची, एकाला बसवायचं, बाकीचे गोलात. त्याने आपली पापं सांगायची. बायकोला मारलं, बापाच्या खिशात हात घातला, पोराचं दप्तर विकलं. सांगून झालं की संचालक "एक, दो, तीन" म्हणायचे आणि सगळे मिळून तीन टाळ्या वाजवायचे. जो रडेल त्याला रविवारी उकडलेलं अंडं. हा त्यांचा वर्तनवाद. दोन आठवड्यांत सगळ्यांना हुकमी रडता यायला लागलं. कामठीचा एक पॉवरलूमवाला तर बसायच्या आधीच डोळे चोळून लाल करून घ्यायचा आणि उठताना मला विचारायचा, "ताई, जमलं का?" हा सगळा तमाशा बघताना मला शिसारी यायची. पण माझ्या हजेरीच्या कागदावर सही त्यांचीच लागायची, म्हणून मी मान डोलवायची आणि तीन टाळ्या वाजवायची.

एक माणूस मात्र रडायचा नाही. काटोलच्या फळबाजारात संत्र्याचा अडत्या होता, पन्नाशीच्या आतबाहेरचा, हाडकुळा, बोटं सतत काहीतरी चाचपत असल्यासारखी. खुर्चीत बसवलं की म्हणायचा, "मी दारू पेतो. बस." संचालक चिडायचे. त्याला सहा रविवार अंडं मिळालं नाही. शेजारच्या गादीवरचा म्हातारा ट्रक ड्रायव्हर आपलं अर्धं अंडं त्याच्या ताटात सरकवायचा आणि तो ते न बघता खायचा.

त्याची एक मुलगी होती, एकोणीस वर्षांची, नागपुरातच नर्सिंग शिकायची. तिने त्याला सांगितलं होतं, बाबा, नव्वद दिवस पुरे करा, मी स्वतः न्यायला येते. तो गादीशेजारच्या भिंतीवर नखाने रेघा ओढायचा. मी आले की विचारायचा, आज कितवा दिवस, ताई? त्याला माहीत असायचं. तरी विचारायचा.

एका बुधवारी संचालक कुठल्याशा सत्काराला गेले आणि गट माझ्या हातात आला. माझ्या मनात उकळ्या फुटल्या. आता मी यांना दाखवते खरा गटोपचार काय असतो. मी मधली खुर्ची उचलून बाहेर ठेवली आणि सात जणांना गोलात जमिनीवर बसवलं. मीही खाली बसले. आणि पुस्तकात लिहिल्याप्रमाणे प्रत्येकाकडून नियम वदवून घेतला, इथलं इथेच. जे इथे बोललं जाईल ते या गोलाबाहेर जाणार नाही. सातही जणांनी म्हटलं. मी आठवी. सगळ्यांत मोठ्या आवाजात मीच म्हटलं.

मी शांतता राखली, शांतता हेही एक तंत्र असतं. मग ट्रक ड्रायव्हर अडत्याच्या गुडघ्याला हात लावून म्हणाला, "बोल ना गा. आज मास्तर नाही." आणि तो बोलायला लागला, जमिनीकडे बघत, बाजारात आजचा भाव सांगावा तितक्या कोरड्या आवाजात.

"पोरगी अकरा वर्षांची होती. स्कूटरवर मांगं बसली होती. मी पेऊन होतो. मले दोन रस्ते दिसत होते, मी चुकीच्यावर गेलो. नाली होती. तिचा पाय स्कूटरखाली आला. दवाखान्यात सगळे जमा झाले. मी सांगतलं, का पोरगी मांगं हलली, म्हणून तोल गेला. तिच्यासमोर सांगतलं. आन ती म्हणाली, हो, मी हलली. अकरा वर्षांची पोरगी. ती नव्हती हलली. ती मले घट्ट पकडून बसली होती."

माझ्या छातीत काहीतरी तुटलं, हे खरं आहे, ते मी नाकारणार नाही. पण त्याच क्षणी डोक्यातली दुसरी एक बाई वाक्य जुळवत होती. मी म्हटलं, "तुम्हाला खूप अपराधी वाटतंय."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "वाटून नाही राहिलं, ताई. मी आहो." मग सगळ्यांकडे बघून म्हणाला, "ती आजही डाव्या पायानं लंगडते आन लोकाइले सांगते, का माह्याच चुकीनं झालं. हे तिले मीच सांगीन. नव्वदाव्या दिवशी, ती आली का. दुसऱ्या कोणाच्या तोंडून तिले कळाले नाही पायजे. तेवढंच माह्याजवळ उरलं आहे."

सगळ्यांनी माना हलवल्या. त्या दिवशी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

आता माझी गोष्ट. डिप्लोमाला प्रत्येकीने एका सत्राचा शब्दशः अहवाल द्यायचा असतो. कागदावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात क्लायंट काय बोलला, दुसऱ्यात समुपदेशक काय बोलला, तिसऱ्यात कोणतं तंत्र वापरलं. नाव बदलायचं, भाषा बदलायची नाही, जशीच्या तशी घ्यायची, असा मॅडमचा आग्रह. घरी येऊन, साडी बादलीत टाकून, अंघोळ करून मी लिहायला बसले आणि एका दमात लिहून काढलं. एक शब्द विसरले नव्हते. त्याच्या नावाच्या जागी 'क्लायंट अ' लिहिलं आणि गोपनीयतेचं काम झालं असं समजून चहा ठेवला. संत्र्याचा अडत्या तसाच ठेवला. नर्सिंग शिकणारी, डाव्या पायाने लंगडणारी मुलगी तशीच ठेवली. काटोलच्या बाजारात अशी माणसं कितीशी असणार? एक. हे मला तेव्हा सुचलं नाही असं मी बरेच दिवस सांगत फिरले. सुचलं होतं. पण ते काढलं तर अहवाल फिका पडला असता.

मॅडमनी तो वर्गात मोठ्याने वाचला. माझ्या 'अपराधी वाटतंय' या वाक्याशेजारी तिसऱ्या रकान्यात मी लिहिलं होतं, भावनांचे प्रतिबिंब. त्यावर त्यांनी लाल पेनाने बरोबरची खूण केली आणि समासात 'उत्तम' लिहिलं. त्याचं पुढचं वाक्य, "वाटून नाही राहिलं, मी आहो," याच्यावर काहीच नव्हतं. मग त्या म्हणाल्या, असा अहवाल हवा, सगळ्यांनी याची झेरॉक्स काढून घ्या. बत्तीस जणींनी घेतली. मी झेरॉक्सच्या दुकानाबाहेर उभी होते आणि मला, काय सांगू, लग्नात हार घालून घेताना वाटलं नसेल इतकं छान वाटत होतं.

त्याच दिवशी कँटीनमध्ये वर्गातली एक जण समोर येऊन बसली. माहेर काटोलचं. तर्री-पोहे खात खात मला म्हणाली, "काहून वं, हे आमच्या काटोलचे तर नाही?"

'नाही' म्हणायला किती वेळ लागतो? मी हसले. म्हटलं, "मी काही सांगणार नाही हं." डोळेही बारीक केले असावेत. तिला जे हवं होतं ते मिळालं आणि मला जे हवं होतं ते मिळालं. ती म्हणाली, "बाप्पा, किती खोल शिरतेस तू माणसात." मी तिच्या पोह्यांवर लिंबू पिळून दिलं.

त्या सात जणांचा मी नंतर पुष्कळ विचार केला. दारूसाठी घरची भांडी विकलेली माणसं ती. खोटं बोलणं त्यांच्या हाडीमासी मुरलेलं. त्यातल्या एकानेही ती गोष्ट बाहेर काढली नाही. पॉवरलूमवाल्याला संचालकांनी खोदून खोदून विचारलं, बुधवारी काय झालं, अंड्याचं आमिष दाखवलं. त्याने सांगितलं, काही नाही, ताईंनी भजन घेतलं. सात दारुड्यांनी पोटात ठेवलं. ज्या एकटीने गोपनीयतेवर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं तिने ती गोष्ट बत्तीस घरांत वाटली.

नव्वदाव्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेले. मला ते बघायचं होतं. तो आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. ओठ हलत होते. मला जवळ बोलावून म्हणाला, "ताई, रोज म्हणून पाहून राहिलो. पह्यलं वाक्य जमलं का बाकीचं निघते." मी विचारलं, कोणतं वाक्य? तो म्हणाला, "बेटा, तू हलली नव्हती."

संचालकांनी निरोपाचा थाट मांडला होता. मधली खुर्ची परत आली होती, गोल झाला होता, मोबाइल एका खिडकीत टेकवून चित्रीकरणाची सोय झाली होती. खर्र्याचा हात पँटला पुसून ते म्हणाले, ताई, पोरगी आली का वर घेऊन या.

ती जिन्यातच भेटली. एक पायरी, मग कठड्याला धरून दुसरा पाय, मग पुढची पायरी. कॉलेजचा पांढरा गणवेश अंगावर होता. मला बघून थांबली आणि म्हणाली, "तुम्हीच का त्या कागदवाल्या ताई?"

मला कळलंच नाही. तिने मोबाइल पुढे केला. त्यात माझं अक्षर होतं. माझे तीन रकाने, झेरॉक्समध्ये काळी झालेली ती लाल खूण आणि समासातलं 'उत्तम'.

"मावशीनं पाठवला," ती म्हणाली. "काटोलात आठ दिवसांपासून सगळ्याइले मालूम आहे. मलेच नव्हतं."

खाली गोदामात कुठलासा ट्रक मागे घेत होते, त्याची पिंपिं चालू होती. मी कठडा धरला. ती माझ्या चेहऱ्याकडे अशी बघत होती, जसं कोणी रिपोर्ट आणणाऱ्या डॉक्टरकडे बघतं. मग तिने हळूच विचारलं, "मी हलली नव्हती ना?"

समुपदेशक उत्तर देत नाही. प्रश्न आला की तो परत क्लायंटकडे वळवायचा, हे आमच्याकडून वर्षभर घोटून घेतलेलं. मी विचार केला नाही, तोंड आपोआप उघडलं.

"तुला काय वाटतं?" मी म्हटलं.

या एका वाक्याची मला आजही इतकी किळस येते की ते लिहितानाही हात थांबला.

ती रागावली नाही. "मले काय वाटते," ती म्हणाली. "आठ वर्षं मले हेच वाटून राहिलं, का मी हलली. म्हणून तर तुम्हाले विचारून राहिली."

वरून संचालकांची हाक आली. मी तिला उत्तर दिलं नाही. ते द्यायचा हक्क तिच्या बापाचा आहे असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला त्या जिन्यातून सुटायचं होतं. मी पुढे, ती मागे, अशा आम्ही वर गेलो.

तो उभा राहिला. संचालक म्हणाले, बसा, खुर्चीत बसा, कॅमेऱ्यात दिसत नाही. तो बसला नाही. मुलीसमोर उभा राहिला, पिशवी छातीशी धरून. मग म्हणाला, "बेटा, तू..."

"मले मालूम आहे, बाबा," ती म्हणाली.

त्याचा चेहरा मी बघितला. नव्वद दिवस जपून आणलेलं काहीतरी दाराशी आल्यावर हातातून पडावं, तसा तो झाला. त्याने विचारलं, "कोणी सांगतलं?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी कूलरशेजारी उभी होते. खरेपणा म्हणजे समुपदेशकाचं आत एक आणि बाहेर एक नसणं, हे मी दोन पेपरांत लिहिलं होतं. बोलायचं तर तेव्हाच बोलायचं होतं. मी साडीचा पदर सारखा केला.

"कोणीच नाही," ती म्हणाली. "मले आठवतच होतं. मी तुम्हाले घट्ट पकडून बसली होती."

हे शब्द माझ्या कागदावरचे होते. पहिल्या रकान्यातले.

तो हमसून हमसून रडायला लागला, नव्वद दिवसांत पहिल्यांदा. आठ वर्षं पोरीला सगळं ठाऊक होतं आणि तरी ती न्यायला आली, असं तो समजला होता आणि तेच पुन्हा पुन्हा म्हणत होता. ती त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होती, डोळे कोरडे. संचालक खूश झाले. "एक, दो, तीन," ते म्हणाले आणि टाळ्या वाजल्या. ट्रक ड्रायव्हरने वाजवल्या नाहीत. मी वाजवल्या.

केंद्राचा एक रिवाज होता. जाताना पेशंट सगळ्या कर्मचाऱ्यांच्या पाया पडायचे. मला तो कधीच आवडला नव्हता, पण कोणी वाकलं की मी पाय मागे घ्यायची आणि खांद्याला धरून उठवायची. तो संचालकांच्या पाया पडला, स्वयंपाकवाल्या बाईच्या पाया पडला आणि माझ्याकडे आला. ती पिशवी घेऊन दारात उभी होती.

"ताई," तो म्हणाला, "तुम्ही त्या दिवशी गोल केला म्हणून हे झालं. तुमचे उपकार नाही फिटणार माह्याच्यानं."

तो वाकला. ती बघत होती, शेवटपर्यंत, मी काही बोलते का म्हणून. मी पाय मागे घेतले नाहीत.